प्राथमिक वर्गातील यंत्रमानव आणि जगाची ओळख

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखरूप गोषवारा)



शिक्षणाच्या विषयावर बोलण्यास एका कापड व्यापाऱ्यास उभे करावे, याचे काहींना आश्चर्य वाटणे स्वाभाविक आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आयुष्य सोलापुरात कापडाच्या पेढीवर गेले. शिक्षणशास्त्राचा किंवा अभियांत्रिकीचा माझा औपचारिक अभ्यास नाही. तथापि, आपल्या प्राथमिक शाळेसंबंधी दोन सूचना सध्या विश्वस्तांसमोर आहेत. पहिली ते चौथीच्या मुलांसाठी रोबोटिक्सचे, म्हणजे यंत्रमानव बनविण्याचे व चालविण्याचे साहित्य घ्यावे, ही पहिली. जगातील निरनिराळ्या संस्कृतींचा परिचय करून देणारा वर्षभराचा उपक्रम सुरू करावा, ही दुसरी. दोन्ही सूचना निरनिराळ्या शिक्षकांच्या, दोन्हींचे अंदाजपत्रक स्वतंत्र. माझ्या मते या दोन सूचना मुळात एकच आहेत. त्या एकत्र केल्या तरच त्यांवरील खर्च सार्थकी लागेल. असे मला का वाटते, ते आपल्यासमोर मांडण्याची अनुज्ञा असावी.

प्रथम शब्दापासून सुरुवात करू. 'रोबोट' हा शब्द कोणत्याही प्रयोगशाळेत जन्मलेला नाही, तो रंगभूमीने दिलेला आहे. चेक नाटककार कारेल चापेक यांचे 'आर.यू.आर.' हे नाटक 1920 साली प्रसिद्ध झाले, त्यात तो प्रथम आला. शब्द सुचविला त्यांचे बंधू योसेफ यांनी. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे सक्तीचे श्रम. आपल्याकडे त्यास नेमका शब्द आहे : वेठ. तेव्हा रोबोट म्हणजे वेठबिगार. आपण 'यंत्रमानव' असे भारदस्त भाषांतर केले आणि मूळ शब्दातील दुःख त्यातून गळून गेले.

वेठीचा आणि लहान मुलांचा संबंध माझ्या धंद्याच्या इतिहासातही आहे. नक्षीचे कापड विणण्यासाठी पूर्वी जो माग वापरीत, त्यात विणकर खाली बसे आणि मागाच्या वर किंवा बाजूस एक मदतनीस असे. हा मदतनीस बहुधा लहान मुलगाच असायचा. कोणत्या वेळी कोणते उभे धागे उचलायचे त्याच्या दोऱ्या ओढणे, हे त्याचे काम. चीनमध्ये असे माग होते. बनारसमध्ये नक्षीबंद कारागीर संपूर्ण नक्षी दोऱ्यांच्या गाठींत बांधून ठेवीत आणि त्या दोऱ्या ओढल्या की ती कापडावर उतरे. फ्रान्समधील लिऑन शहरात रेशमी कापडासाठी हीच पद्धत होती. तेथील जोसेफ मारी जॅकार्ड यांनी, आधीच्या कारागिरांच्या प्रयत्नांवर आधारून, 1804 साली असे यंत्र सिद्ध केले की दोऱ्या ओढणाऱ्या मुलाची गरजच उरली नाही.

सोलापुरात बसून जेकार्डचे वर्णन करणे म्हणजे पंढरपुरात अभंग समजावण्यासारखे आहे, तरी मुलांसाठी सांगतो. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात. तिच्या प्रत्येक ओळीसाठी पुठ्ठ्याची एक पट्टी भोके पाडून तयार करतात. जेथे भोक असेल तेथे सुई आत शिरते आणि त्या सुईचा ताण्याचा धागा वर उचलला जातो. जेथे भोक नाही तेथे धागा खालीच राहतो. बाणा त्या फटीतून जातो, पुढची पट्टी येते, आणि असे शेकडो वेळा झाले की चादरीवर मोर उभा राहतो. मागास मोर ठाऊक नसतो. त्यास ठाऊक असते ते 'उचल' किंवा 'उचलू नको' एवढेच. 1839 साली लिऑनमध्ये खुद्द जॅकार्ड यांचे चित्र रेशमात विणले गेले. त्यास सुमारे 24,000 पट्ट्या लागल्या. त्या चित्राची एक प्रत इंग्लंडमधील गणिती चार्ल्स बॅबेज यांच्या संग्रही होती. आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी भोकांच्या पट्ट्यांची कल्पना त्यांनी जेकार्डवरूनच घेतली. संगणकाची वंशावळ मांडायची झाल्यास तिच्यात एक पूर्वज मागावर बसलेला दिसतो, हे सांगताना व्यापारी म्हणून मला थोडा अभिमान वाटतो.

आता यंत्र शाळेत कसे आले ते पाहू. सेमूर पॅपर्ट हे दक्षिण आफ्रिकेत 1928 साली जन्मलेले गणिती. जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांच्यासोबत काम करून पुढे ते अमेरिकेत एम.आय.टी. या संस्थेत गेले. वॉलेस फॉयरझाइग व सिंथिया सॉलोमन यांच्या सहकार्याने 1967 साली त्यांनी मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्याशी जमिनीवर चालणारे एक यंत्र जोडले. त्याचे नाव 'कासव'. त्याच्या पोटात लेखणी होती. शंभर पावले पुढे जा, उजवीकडे काटकोनात वळ, असे चार वेळा सांगितले की कासव जमिनीवर चौकोन काढी. वर्तुळ कसे काढायचे, असा प्रश्न पडलेल्या मुलास पॅपर्ट उत्तर देत नसत. तू स्वतः वर्तुळात चालून बघ, असे ते सुचवीत. मूल चालून बघे आणि त्याच्या ध्यानी येई की आपण थोडे पुढे जातो, थोडे वळतो, आणि तेच पुन्हा पुन्हा करतो. हे ज्ञान प्रथम पायांना झाले, मग डोक्याला, आणि शेवटी यंत्रास सांगितले गेले. हा क्रम महत्त्वाचा आहे.

पॅपर्ट यांच्या 1980 सालच्या 'माइंडस्टॉर्म्स' या ग्रंथात ब्राझीलमधील सांबा नृत्याच्या शाळांविषयी लिहिलेले आहे. संगणकाच्या पुस्तकात नृत्यशाळा कशासाठी, असे वाटेल. रिओ शहरातील कार्निव्हलच्या तयारीसाठी तेथे म्हातारे, तरुण, निष्णात नर्तक आणि काल आलेले नवखे, सर्व एकत्र सराव करतात. कोणी गुरुजी नाही की परीक्षा नाही, तरी शिकणे अखंड चालते. मुलांनी यंत्राच्या भोवती असेच जमावे, ही त्यांची अपेक्षा होती.

पॅपर्ट यांचे विद्यार्थी बहुधा वाचता-लिहिता येण्याच्या वयाचे होते. त्याहून लहानांचे काय? त्याच प्रयोगशाळेत रॅडिया पर्लमन या तरुणीने 1970 च्या दशकात, अक्षरओळख नसलेल्या मुलांसाठी एक युक्ती योजली. चित्रांचे पत्ते खाचांत ओळीने बसवायचे आणि कळ दाबायची, की कासव त्या क्रमाने चाले. पुठ्ठ्यांच्या पट्ट्या ओळीने लावून माग चालविण्याचीच ही तऱ्हा, फक्त पट्ट्या लावणारे मूल चार वर्षांचे. ज्या वयाच्या आसपासची मुले एकेकाळी यंत्राचा भाग होऊन दोऱ्या ओढीत, त्या वयातील मूल येथे यंत्रास आज्ञा देते. रोबोटिक्स प्राथमिक वर्गात का असावे, याचे माझ्या दृष्टीने हे पहिले कारण आहे. 'पुढे नोकरी मिळेल' हे कारण मी देणार नाही. दुसरीतल्या मुलीच्या नोकरीचा हिशेब आजच मांडणारा व्यापारी शहाणा म्हणता येणार नाही.

याच परंपरेत पॅपर्ट यांच्या एक विद्यार्थिनी आहेत. अर्जेंटिनातून अमेरिकेत गेलेल्या मरिना उमास्की बर्स. त्यांच्या संशोधनातून 'किबो' नावाचा, सुमारे चार ते सात वर्षे वयाच्या मुलांसाठीचा रोबोट तयार झाला आणि 2014 पासून तो विक्रीस आला. यास पडदा नाही, कळफलक नाही. लाकडाचे ठोकळे आहेत. एकावर 'सुरुवात', एकावर 'पुढे', एकावर 'गोल फिर', एकावर 'हल', एकावर 'टाळी ऐकू येईपर्यंत थांब', आणि एकावर 'शेवट'. 'पुन्हा कर' असाही ठोकळा असतो आणि त्यास किती वेळा तो आकडा जोडता येतो. मूल ठोकळे एकात एक अडकवून रांग लावते. प्रत्येक ठोकळ्यावर किराणा दुकानातील पुड्यावर असतात तशा काळ्या रेघा असतात. रोबोट त्या वाचतो व आज्ञा पाळतो. त्याच्या पाठीवर एक सपाट मंच असतो. मुलांनी कागद, कापड, मणी लावून तो हवा तसा सजवावा.

या किबोचा सिंगापूरमध्ये झालेला एक उपयोग माझ्या आजच्या विषयाचा गाभा आहे. सिंगापूर शासनाने 'प्लेमेकर' नावाच्या कार्यक्रमातून बालवाड्यांत असे साहित्य दिले. तेथील 5 बालशिक्षण केंद्रांतील 98 मुलांनी सात आठवड्यांचा एक अभ्यासक्रम पूर्ण केला. त्याचे नाव 'जगभरातील नृत्ये'. रोबोटला नाचवायचे, आणि नाच जगातील कोणत्यातरी समाजाचा असायचा. अमांडा सलिव्हन व मरिना बर्स यांनी या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आहेत. मुलांनी आज्ञांचा क्रम, पुनरावृत्ती वगैरे मूलभूत गोष्टी उत्तम आत्मसात केल्या. शिक्षकांनी वर्गात सहकार्याचे व कल्पकतेचे वातावरणही निर्माण केले. एका बाबतीत मात्र ते उणे पडले. वर्गाबाहेरील समाजाशी, म्हणजे घर, पालक, शेजार यांच्याशी त्या उपक्रमाचा सांधा जुळविण्यात त्यांना तितके यश आले नाही.

सिंगापूर हे चिनी, मलय, तमिळ अशा अनेक भाषिकांचे शहर. तेथेसुद्धा नाच वर्गात आला आणि नाचणारे पुरेसे आले नाहीत. आपण विचार करावयाचा तो नेमक्या या उणिवेचा.

कारण 'जगातील संस्कृती' या नावाखाली शाळांत काय होते, हे आपण सर्व जाणतो. जपान म्हटले की कागदाचा पंखा, आफ्रिका म्हटली की काळा मुखवटा, पंजाब म्हटला की फेटा बांधून 'बल्ले बल्ले'. स्नेहसंमेलनात प्रत्येक राज्याचा पोशाख भाड्याने येतो, छायाचित्र निघते, पोशाख परत जातो. पोशाखाच्या भाड्याचा धंदा चालतो याचे मला व्यापारी म्हणून वाईट वाटण्याचे कारण नाही, पण शिक्षण म्हणून त्याची किंमत काय? अमेरिकेतील बालशिक्षणतज्ज्ञ लुईस डर्मन-स्पार्क्स यांनी 1989 सालच्या आपल्या पुस्तकात अशा अध्यापनास 'पर्यटकी अभ्यासक्रम' म्हटले आहे. पर्यटक उतरतो, खातो, वस्तू घेतो, परततो. तेथील माणसे रोज कशी जगतात हे त्यास कळत नाही, कळण्याची गरजही वाटत नाही.

रोबोट येथे उपयोगी पडतो तो त्याच्या मंदपणामुळे. होय, मंदपणामुळेच. पोशाख घालून मुलास 'कसेही' नाचता येते, यंत्रास कसेही नाचता येत नाही. त्यास नेमके सांगावे लागते : किती पावले, कोणत्या बाजूस, किती वेळा, टाळी आधी की पाऊल आधी. हे सांगायचे तर मुलास तो नाच बारकाईने पाहावा लागतो. पुस्तकात हे मिळत नाही. मग ज्यास तो नाच येतो त्याच्याकडे जाऊन विचारावे लागते. परक्या माणसाकडे नम्रपणे जाऊन 'तुम्ही हे कसे करता, मला दाखवा', असे म्हणणे, यापलीकडे संस्कृतीच्या परिचयाची मला दुसरी व्याख्या सुचत नाही.

आपल्या गावातीलच उदाहरण घेऊ. भाद्रपदाची अमावास्या येते तेव्हा सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू भाषिक पद्मशाली समाजाच्या घरांतून बतुकम्मा सुरू होतो. फुलांचे थर रचून गोपुरासारखी रास करतात, स्त्रिया तिच्याभोवती टाळ्या वाजवीत, गाणी म्हणत फेर धरतात, आणि शेवटी ती फुले पाण्यात सोडतात. लगेच आश्विन लागतो. मराठी घरांतील मुली पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती भोंडला खेळतात. गुजराती कुटुंबांत छिद्रांच्या घटात दिवा ठेवून त्याच्याभोवती गरबा होतो. एकाच गावात, एकाच पंधरवड्यात, तीन भाषांत, तीन फेर! आपल्या शाळेच्या एका वर्गात या तिन्ही घरांची मुले शेजारी शेजारी बसतात. तरी मराठी मुलीस बतुकम्मा ठाऊक नसतो आणि तेलुगू मुलास भोंडल्याची खिरापत ओळखण्याचा खेळ ठाऊक नसतो.

आता तिसरीच्या मुलांना सांगा की यंत्रास हे तीन फेर शिकवा. यंत्राच्या दृष्टीने तिन्ही वर्तुळेच : थोडे पुढे, थोडे वळ, पुन्हा कर. मुले प्रथम म्हणतील, तिन्ही सारखेच. मग प्रश्न सुरू होतील. बतुकम्मात टाळी पडते तेव्हा पाऊल आत जाते की जागीच राहते? गरब्यात वळण कोठे येते? भोंडल्यात हात हातात धरलेले असतात, म्हणजे टाळी नाहीच. मग हात नसलेल्या यंत्राने हात कसे धरावेत? कोणीतरी दोन यंत्रे दोऱ्याने बांधेल. एक जलद जाईल, दुसरे फरफटत जाईल, दोन्ही उलटतील. तेव्हा ध्यानी येईल की हात धरून नाचणे म्हणजे प्रत्येकीने दुसरीच्या पावलाप्रमाणे आपले पाऊल लहानमोठे करणे. ही गोष्ट कोणत्याही ठोकळ्यावर लिहिलेली नसते. आणि मधोमध काय ठेवायचे, हत्ती, फुले की दिवा, हे यंत्र कधीच सांगणार नाही. ते आजीच सांगेल.

ती आजी कोण असेल? पूर्व भागातील अनेक स्त्रियांनी विड्या वळून संसार केले. तिच्या नातवाच्या प्रगतिपुस्तकावर सही करण्यासाठी ती शाळेत येते तेव्हा दाराशी उभी राहते, खुर्चीवर बसत नाही. तिच्यावाचून वर्गाचे काम अडले आहे, सर्व मुले तिच्या पायांकडे पाहत आहेत आणि कागदावर आकडे मांडीत आहेत, असा एक दिवस आपल्या शाळेत उगवला तर त्या नातवास जे मिळेल ते मोजण्याचे माप माझ्या गजाच्या पट्टीत नाही. सिंगापूरच्या शिक्षकांना जे साधले नाही ते आपल्याला साधण्याची शक्यता आहे, कारण आपल्याकडे जग दूर नाही, दोन गल्ल्या पलीकडे आहे.

तेथून खऱ्या अर्थाने दूरच्या जगात जाता येते. मिझोराममध्ये बांबूंच्या हालत्या जोड्यांमधून पावले टाकीत 'चेराव' नाचतात, फिलिपिन्समध्ये 'टिनिकलिंग' नावाचा तसाच बांबूंचा नाच आहे. दोन्हींत चूक झाली तर घोटा सापडतो. यंत्रास हे शिकविणे म्हणजे वेळेचे गणित. त्याहून मला अधिक आवडते ते रेघांचे उदाहरण. तमिळ घरांच्या दारात कोलम, तेलुगू घरांच्या दारात मुग्गू, आपल्याकडे ठिपक्यांची रांगोळी. मद्रासमध्ये गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी आणि कमला कृतिवासन या संशोधकांनी 1970 च्या दशकात कोलमच्या रचनेतून संगणकशास्त्रातील चित्रभाषांचे नियम शोधले. दारात बसलेल्या बाईची बोटे जे करीत होती ते गणित होते. अंगोलातील चोक्वे लोक वाळूत प्रथम ठिपके मांडतात, मग कथा सांगता सांगता त्यांभोवती बोटाने अखंड रेघ फिरवितात. त्यास 'सोना' म्हणतात. मोझांबिकचे गणिती पाउलुस गेर्डेस यांनी या रेघांच्या गणितावर विपुल लेखन केले आहे. पॅसिफिक महासागरातील वानुआतू बेटांवरही बोट न उचलता वाळूत चित्रे काढतात. युनेस्कोने 2003 साली त्या कलेचा गौरव केला. त्या बेटांवर ऐंशीच्या आसपास भाषागट नांदतात आणि या रेघा त्यांच्यातील संवादाचे एक साधन आहेत. एका लेखणीच्या कासवाने कोलम, सोना आणि वानुआतूची रेघ अशा तिन्ही काढून पाहिल्या, तर मुलास नकाशा न उघडताही समजेल की तीन खंडांतील माणसांनी एकच कोडे घातले होते : बोट न उचलता सर्व ठिपक्यांभोवती कसे फिरावे? आणि प्रत्येकाने ते आपल्या परीने सोडविले.

येथवर मी बाजू मांडली. आता व्यापाऱ्याने मालातील खोटही दाखवावयास हवी. लोगोविषयी प्रारंभी फार मोठे दावे केले गेले. लोगो शिकले की मुलाची एकूण विचारशक्तीच वाढते, असे म्हटले जाई. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमधील रॉय पी आणि मिडियन कुर्लंड यांनी 1980 च्या दशकात याची तपासणी केली. वर्षभर लोगो शिकलेली मुले इतर कामांच्या नियोजनात न शिकलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली नाहीत. पॅपर्ट यांचे उत्तर असे की, यंत्राचा परिणाम काय, हा प्रश्नच चुकीचा आहे. यंत्राभोवती कोणती संस्कृती उभी राहते ते पाहा. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. विश्वस्तांनी त्यातून घ्यावयाचे ते एवढेच की, कपाटात पेटी आली म्हणजे शिक्षण आले असे होत नाही. 'तुमचे मूल उद्याचा शास्त्रज्ञ' असे छापलेली रंगीत पत्रके वाटणाऱ्या विक्रेत्यांना आपण चहा द्यावा आणि निरोप द्यावा.

खरेदीविषयीही स्पष्ट बोलतो. किबोसारखा परदेशी संच शेकडो डॉलरांना पडतो. शिवाय या धंद्यात मालाचा भरवसा अल्प असतो. पॅपर्ट यांच्या ग्रंथाचेच नाव घेऊन 1998 साली निघालेली लेगो कंपनीची 'माइंडस्टॉर्म्स' ही यंत्रमानवांची मालिका जगभर शाळांत पोहोचली, परंतु 2022 च्या अखेरीस ती बंद करण्यात आली. ठाणातील कापड वीस वर्षांनीही शिवता येते, या पेट्यांचे तसे नाही. शासनाकडे पाहावे तर 2016 पासूनच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेतील 20 लाखांपर्यंतचे अनुदान सहावी ते बारावीसाठी आहे आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही संगणकाच्या आज्ञावली लिहिणे माध्यमिक टप्प्याआधी, सहावीपासून सुचविलेले आहे. म्हणजे पहिली ते चौथीसाठी जे करावयाचे ते आपल्यालाच.

परंतु त्यास पैसा थोडा लागतो. पहिले सत्र यंत्राविना जावे. एक मूल यंत्र बनेल, दुसरे त्याच्यासमोर पुठ्ठ्याचे पत्ते मांडील : पुढे, वळ, टाळी, पुन्हा. पुठ्ठा आपल्या सर्वांच्या दुकानांत ठाणांच्या आत गुंडाळलेला असतो. तो मी देईन. दुसऱ्या सत्रात साध्या मोटारी, सेल, बाटल्यांची झाकणे. पुण्यातील 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून केलेली विज्ञान खेळणी जगभर गेली, त्यांच्या कृती मराठीतही उपलब्ध आहेत. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात आदिवासी मुलांसाठी पाने, बिया, शंख-शिंपले यांतून बालवाडी उभी केली. आपल्या महाराष्ट्रास हा मार्ग नवा नाही. तिसऱ्या सत्रात मात्र खरे, चांगले संच घ्यावेत. दर वर्गास एक नव्हे, सर्व वर्गांत मिळून पाच. पाच असले की मुलांना वाट पाहावी लागते आणि वाट पाहणारे मूल दुसऱ्याचे काम पाहते. ते संच कुलूपबंद काचेच्या कपाटात ठेवू नयेत, अशी माझी लेखी सूचना आहे. तुटले तर तुटतील. आमच्याकडेही नमुन्याचे ठाण गिऱ्हाइकाच्या हाताने मळतेच.

उरलेली रक्कम दोन गोष्टींवर खर्च व्हावी. एक, शिक्षकांच्या वेळेवर. उपक्रम असलेल्या आठवड्यात त्यांना इतर कागदपत्रांतून मुक्त करावे व बदली शिक्षक नेमावा. दोन, जे पाहुणे वर्गात येऊन नाच, रेघ, माग दाखवतील, त्यांच्या मानधनावर. मानधन हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो. विणकराने अर्धा दिवस माग बंद ठेवला तर त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. त्यास शाल-श्रीफळ देऊन फुकट बोलावणे म्हणजे पुन्हा वेठच. आजींनाही तोच नियम.

या वर्षीची भाद्रपद अमावास्या अजून तीन महिने दूर आहे. तोवर तिसरीच्या दोन्ही तुकड्यांतील मुलांच्या घरी कोणत्या भाषा बोलल्या जातात आणि कोणाच्या घरी कोणता फेर धरला जातो, याची यादी वर्गशिक्षिकांनी करावी, एवढीच आज विनंती आहे. मागावरची पहिली पट्टी दाखविण्यासाठी दोन विणकर बंधूंशी माझे बोलणे झालेले आहे. ते तयार आहेत, फक्त सोमवार नको म्हणाले.